फॉरमॅट मारण्याआधी कम्प्युटरचं म्हणणं ऐका



शाळेतला कम्प्युटर सुरू होताना मध्येच अडकला की आपल्याकडे त्यावर एकच औषध चालतं, ते म्हणजे फॉरमॅट. पोरं धावत येतात, "सर, पीसी खराब झाला जी, काळाच पडला!" मग आपण फोन लावतो. चार-आठ दिवसांनी गोंदियाहून कोणीतरी येतो, पेनड्राइव्ह लावतो, सगळं पुसून नवीन टाकतो आणि निघून जातो. मुलांनी वर्षभर केलेली चित्रं, प्रकल्प, टाइप केलेल्या कविता गेल्या. बिघाड नेमका काय होता, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. पंधरा दिवसांनी वादळात फिडर गेला की पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की "मदरबोर्ड गेला" असा निकाल लागतो आणि मशीन डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाच्या वाटेला लागतं.

माझं म्हणणं असं की यातली बरीच मशीन मेलेली नसतात. ती कुठे अडकली ते स्वतः सांगत असतात, आपण ऐकण्याची सोय केलेली नसते. आणि ही सोय करणं हे शिक्षकाचं काम आहे, कारण "कुठे अडकलं ते शोधणं" याच गोष्टीचा आपण रोज वर्गात पगार घेतो.

हे लिनक्सबद्दल लिहितोय, त्याला कारण आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळेतल्या जुन्या पीसींवर विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकचं बॉस यांसारखं लिनक्स टाकून जुनी मशीन चालवायची, हा रस्ता अनेक शाळांपुढे आहे. केरळमधल्या सरकारी शाळांचे संगणक तर कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतात. तेव्हा लिनक्स येणार असेल तर त्याची दुरुस्तीही आपल्याला थोडीफार आली पाहिजे.

लिनक्स सुरू होताना एकामागून एक ओळी लिहीत जातो. मेमरी किती सापडली, हार्ड डिस्क दिसली का, कीबोर्ड लागला का, नेटवर्क कार्ड कुठलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्या ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. कर्नलचं काम झालं की पुढची सूत्रं सिस्टमडी नावाच्या कार्यक्रमाकडे जातात. तो एकेक सेवा चालू करतो आणि प्रत्येक ओळीपुढे "ओके" किंवा "फेल्ड" अशी खूण करतो. अगदी हजेरी घेतल्यासारखं.

मग हे सगळं आपल्याला दिसत का नाही? कारण ते मुद्दाम झाकलेलं असतं. सुरू होण्याच्या आज्ञेत "क्वाएट" आणि "स्प्लॅश" असे दोन शब्द घातलेले असतात. पहिला म्हणतो गप्प बस, दुसरा म्हणतो लोगो दाखव. सामान्य वापरणाऱ्याला ते बरं वाटतं, पण बिघाड झाला की हेच दोन शब्द आडवे येतात.

म्हणून केबल-बिबल आणण्याआधी हे करून पाहा. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा (नव्या मशीनवर एस्केप), म्हणजे ग्रबचा मेनू येईल. पहिल्या ओळीवर राहून "ई" दाबा. "लिनक्स" शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्यातून क्वाएट आणि स्प्लॅश पुसा, आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, पुढच्या वेळी मशीन पूर्ववत सुरू होतं. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याचदा इथेच कळतं की डिस्कवर गडबड आहे आणि मशीन "एफएससीके हाताने चालवा" असं सांगून आपल्या उत्तराची वाट बघत थांबलंय. वीज अचानक गेली की असं होतं, आणि यूपीएसची बॅटरी किती शाळांत धड आहे ते आपण सगळे जाणतो.

पण कधी कधी पडदाच साथ देत नाही. ओळी इतक्या भरभर वर सरकतात की डोळ्यांना सापडत नाहीत. किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चढताच मॉनिटर काळा होतो आणि पुढचं सगळं अंधारात. किंवा कर्नल पॅनिक होतो आणि पडद्यावर फक्त शेवटच्या पंचवीस-तीस ओळी उरतात, मोबाइलने फोटो काढला तरी त्याच. मूळ कारण मात्र त्याच्या बरंच वर होऊन गेलेलं असतं. अशा वेळी उपयोगी पडतो सिरियल कन्सोल. म्हणजे कम्प्युटरने जे पडद्यावर लिहायचं तेच एका साध्या वायरीतून दुसऱ्या कम्प्युटरला पाठवायचं, आणि तिथे ते फाइलमध्ये साठवून घ्यायचं. मग निवांत वाचत बसा, वर-खाली करा, छापून वर्गात वाटा.

ही युक्ती काही नवी नाही. सिरियल जोडणीचं आरएस-२३२ हे प्रमाण १९६० चं आहे. लिनक्समध्ये जागोजागी "टीटीवाय" अशी अक्षरं दिसतात, ती टेलिटाइपरायटरची, म्हणजे तारेने जोडलेल्या टंकयंत्राची. आणि लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचं जे बीज पेरलं, तो मुळात विद्यापीठाच्या कम्प्युटरशी मोडेमवरून बोलण्यासाठी लिहिलेला टर्मिनलचा कार्यक्रम होता! आज जगातले ५०० सर्वांत वेगवान महासंगणक लिनक्सवर चालतात. तिथल्या हजारो मशीनपैकी प्रत्येकाला काही वेगळा मॉनिटर लावलेला नसतो. सुरू होताना काय झालं ते तिथेही अशाच कन्सोलवरून, फक्त नेटवर्कमार्गे, वाचलं जातं.

आता आपल्या लॅबकडे येऊ. जुन्या पीसीच्या मागे नऊ पिनांचं पोर्ट असतं, ज्याला आपण कॉम पोर्ट म्हणतो. ज्या मशीनला बोलतं करायचं त्याला ते असलं की काम सोपं. ऐकणाऱ्या लॅपटॉपला ते नसतंच, तिथे यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर ऐकणाऱ्या बाजूला चालतो, बोलणाऱ्या बाजूला नाही. कारण लिनक्स सुरू होताना यूएसबी उशिरा जागं होतं, तोवर सुरुवातीचं महत्त्वाचं बोलणं होऊन गेलेलं असतं. आणि दोन कम्प्युटरांच्या मध्ये लागते ती नल-मोडेम केबल. हिच्यात बोलण्याची तार समोरच्याच्या ऐकण्याच्या पिनेला जोडलेली असते. साधी सरळ केबल लावली तर दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. (शिक्षण परिषदेत असं होतंच, पण ते असो.)

बोलणाऱ्या मशीनच्या त्याच ग्रबच्या ओळीत शेवटी लिहायचं: कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी लहान, फक्त "एस" मोठा. तो एस लहान पडला की काही म्हणजे काही येत नाही. आपल्या कॉम १ ला लिनक्स शून्य म्हणतो, हेही ध्यानात ठेवा. ऐकणाऱ्या बाजूला विंडोज असेल तर पुट्टी, लिनक्स असेल तर मिनिकॉम. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पुट्टीत लॉगिंग चालू करून फाइलचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर एवढा खटाटोप करून शेवटी पुन्हा मोबाइलने फोटो काढत बसाल.

आमच्या लॅबमधलं एक मशीन असंच निर्लेखनाच्या यादीत होतं. लोगो यायचा, मग पडदा काळा. दोनदा फॉरमॅट झालेलं. आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना घेऊन आम्ही केबल लावली. पहिल्यांदा लॅपटॉपवर नुसता कचरा आला, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, स्पीड जुळत नाही." तिने आर्डुइनोवर हेच पाहिलं होतं. लॅपटॉपवर ९६०० होतं, ते ११५२०० केलं आणि स्वच्छ ओळी यायला लागल्या.

कर्नलचं सगळं ठीक दिसत होतं. मेमरी दिसली, डिस्क दिसली, कीबोर्ड दिसला. आणि साधारण चार सेकंदांच्या ओळीनंतर एकदम शांतता. मुलांनी निकाल दिला, "इथेच हँग झाला."

इथे थांबतो, कारण सिरियल कन्सोलवर काम करणाऱ्या भल्याभल्यांची गाडी याच वळणावर अडते. मशीन हँग झालेलं नव्हतं. आज्ञेत कन्सोल दोनदा लिहिलं की कर्नल आपलं बोलणं दोन्हीकडे पाठवतो. पण कर्नलनंतर येणारा सिस्टमडी फक्त मुख्य कन्सोलवर लिहितो, आणि मुख्य म्हणजे ओळीत सगळ्यात शेवटी लिहिलेला. त्या दिवशी आज्ञा लिहिणाऱ्या मुलाने सिरियल आधी आणि पडदा नंतर लिहिला होता. म्हणजे कर्नलपर्यंतचं बोलणं आपल्याला ऐकू आलं, आणि पुढचं सगळं त्या काळ्या पडद्याकडे गेलं. बोलणारा गप्प झाला नव्हता, त्याने फक्त तोंड दुसरीकडे वळवलं होतं! क्रम उलटा केला आणि पुन्हा सुरू केलं.

या वेळी शांतता नाही. "ओके, ओके, ओके" अशी हजेरी लागत गेली आणि एका ओळीवर आकडे पळायला लागले: एका डिस्कची वाट बघतोय, ३ सेकंद, ४ सेकंद, कमाल १ मिनिट ३० सेकंद. मुलं मोठ्याने मोजत होती. नव्वद सेकंद भरले आणि धडाधड ओळी आल्या. एकीपुढे "टाइम", तिच्या खाली दोन-तीन ओळींपुढे "डिपेंड", आणि मशीन आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन थांबलं.

मुलांचं बोट शेवटच्या ओळीवर. साहजिक आहे, तीच सगळ्यात ताजी आणि सगळ्यात भीतीदायक. पण "डिपेंड" म्हणजे मी दुसऱ्या कोणावर अवलंबून होतो आणि तोच आला नाही, म्हणून मीही नाही. या सगळ्या ओळी निरपराध होत्या. खरी ओळ त्यांच्या वरची, "टाइम"वाली: अमुक डिस्कची वाट पाहिली, ती आलीच नाही. त्या मशीनमध्ये आधी दुसरी हार्ड डिस्क होती. कोणीतरी ती काढून नेली होती, पण "एफएसटॅब" नावाच्या यादीत तिचं नाव तसंच राहिलेलं. बदली झालेल्या मुलाचं नाव पटावर राहावं तसं. त्या ओळीपुढे # ही खूण टाकली, मशीन पुढे गेलं आणि सिरियलवर लॉगिनची ओळ आली.

पडदा मात्र अजून काळाच होता. ते वेगळं दुखणं निघालं, जुन्या ग्राफिक्स कार्डाचं. आज्ञेत "नोमोडसेट" शब्द घातल्यावर चित्र आलं, जरा फाटकं, पण आलं. आता विचार करा. तिसऱ्यांदा फॉरमॅट मारला असता तर यादीतलं ते नाव गेलं असतं, पण पडदा काळाच राहिला असता, आणि निकाल तोच लागला असता की मदरबोर्ड गेला. एका मशीनला ताप आणि खोकला दोन्ही होते. फॉरमॅटने एक जातो, दुसरा राहतो, आणि आपण रोगी मेला म्हणून लिहून मोकळे होतो.

सिरियलवर आणखी काय काय अडतं ते पटकन सांगतो. काहीच आलं नाही तर आधी केबल, मग पोर्टचा नंबर, मग तो मोठा एस. अक्षरं येतात पण आपण टाइप केलेलं जात नाही, तर मिनिकॉममधलं हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा, तीन तारांच्या केबलवर ते चालत नाही. फक्त एखाद-दुसरी चुकीची ओळ येते आणि बाकी सामसूम, तर क्वाएट पुसायचं राहिलंय. कर्नल सुरू होतोय एवढं लिहून पुढे टिंबही नाही, तर कन्सोल तयार होण्याआधीच मशीन पडतंय. तिथे "अर्लीकॉन" हा शब्द घालून पाहायचा, पण ते जरा पुढच्या इयत्तेचं आहे.

ज्यांच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आणि रास्पबेरी पाय आहे, त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पीसीच्या कॉम पोर्टवर याच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं, ते सरळ जोडलं तर पाय जळेल. ३.३ व्होल्टचा यूएसबी कन्व्हर्टर घ्या, सहा नंबरची पिन ग्राउंड, आठवरून बोलणं, दहावर ऐकणं, आणि लाल तार मोकळीच ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये "इनेबल_यूएआरटी=१" लिहा. ते नसलं तर काही पायवर सिरियल बंदच असतं, शिवाय त्या सिरियलचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर बदलतो. ही ओळ ते घड्याळ स्थिर करते.

गणिताच्या शिक्षकांना तर यात आयतं उदाहरण आहे. एक अक्षर पाठवायला आठ बिट, एक स्टार्ट, एक स्टॉप, असे दहा बिट लागतात. ९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं, ११५२०० ला ११,५२० अक्षरं. सुरू होतानाचा मजकूर ६०,००० अक्षरांचा असेल तर पहिल्या वेगाने मिनिटाहून थोडा जास्त वेळ, दुसऱ्याने पाच सेकंदांच्या आसपास. कन्सोल लावल्यावर मशीन हळू का सुरू होतंय, असं कोणी विचारलं तर उत्तर या भागाकारात आहे.

आता आक्षेप. पहिला आपल्याच लोकांचा: "सर, युडायस आम्हीच भरायचं, पोषण आहाराची नोंद आम्हीच करायची, निवडणुकीचं काम आम्हीच करायचं, आता वायरमनचं कामही आम्हीच?" आक्षेप शंभर टक्के खरा आहे. शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायला माझाही विरोध आहे. म्हणून प्रत्येक शाळेने हे करावं असं मी म्हणत नाही. केंद्रात एक केबल, एक कन्व्हर्टर आणि ते हाताळू शकणारा एक माणूस एवढं पुरे. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा या बाजूच्या शाळांना तंत्रज्ञाची वाट बघण्यात जे दिवस जातात, त्यापुढे ही किंमत काहीच नाही. आणि तंत्रज्ञ बोलवावाच लागला, तरी लॉगची फाइल त्याला आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवता येते. मग तो फॉरमॅटचा पेनड्राइव्ह न आणता योग्य तो पार्ट घेऊन येईल.

दुसरा आक्षेप पालकांचा: "पोरांच्या हातात दिलं तर आहे तेही बिघडवतील." पालकहो, वाचल्याने काही बिघडत नाही. वाचणं मुलांनी करायचं, दुरुस्तीचा हात मोठ्यांनी लावायचा, एवढी शिस्त ठेवली की झालं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैरात गावात, भारतात पहिल्यांदा, "एक मूल एक लॅपटॉप" प्रकल्पाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप प्राथमिक शाळेच्या मुलांना दिले होते. तेही लिनक्सवरच चालायचे. त्या प्रकल्पाच्या यशापयशाबद्दल मतं वेगळी आहेत आणि माझंही ते फार चांगलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या कर्त्यांनी बरोबर केली होती. सुरू होताना मुलाला सुंदर चित्र दिसायचं, पण बरोबरच्या खुणेचं बटण दाबून धरलं की चित्राच्या मागचं सगळं बोलणं पडद्यावर यायचं. पहिलीतल्या पोराच्या यंत्रातही त्यांनी ते दार कुलूप न लावता ठेवलं. आपण आठवीच्या पोराला त्याच्यापासून दूर ठेवतो.

आणि मला खरी काळजी मशीनची नाहीच. भागाकाराचं उत्तर चुकलं की आपण पूर्ण गणितावर लाल फुली मारतो, तेव्हा आपणही फॉरमॅटच मारत असतो. मुलाने तिसऱ्या पायरीवर हातचा विसरला, पुढच्या चार ओळी त्या एका चुकीवर अवलंबून होत्या, त्या सगळ्या "डिपेंड". त्या दिवसानंतर आमची मुलं गणिताच्या वहीत स्वतःच शोधायला लागली की "टाइम"वाली ओळ कुठली. एकाने तर मलाच विचारलं, "सर, खालच्या चार ओळींचे मार्क काहून कापले जी?" दिले मी त्याला मार्क.

केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे की येत्या एखाद्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी ठेवा. एक बंद पडलेला पीसी आणा, मी केबल आणतो. आणि तुमच्या शाळेच्या कपाटात जुन्या डायल-अप मोडेमची केबल पडली असेल तर ती भंगारात देऊ नका. ती सरळ केबल असते, तशी चालणार नाही, पण तिला नल-मोडेमचा छोटा अडॅप्टर लावला की काम होतं. केबलवर चिठ्ठी चिकटवून वेग लिहून ठेवा, ११५२००, म्हणजे पुढच्या माणसाला कचरा वाचत बसावं लागणार नाही.